आधी रचना, मग रूप : शोधनिबंधाची अक्षरजुळणी शिकताना

शोधनिबंध लिहून होतो, आकडेमोड तपासून होते, मार्गदर्शकांचा होकार मिळतो आणि मग संशोधक विद्यार्थ्यापुढे एक वेगळेच काम उभे राहते. निबंध ठरावीक साच्यात बसवायचा असतो. नियतकालिकाला मजकूर दोन स्तंभांत हवा असतो, विद्यापीठाला बांधणीसाठी डावीकडचा समास जास्त हवा असतो, संदर्भसूची एकीकडे आडनावांच्या क्रमाने तर दुसरीकडे उल्लेखांच्या क्रमाने लागते. अशा वेळी कोणीतरी ‘लाटेक शिकून घे’ असा सल्ला देते आणि विद्यार्थी शिकायला बसतो. त्याचे पहिले प्रश्न बहुतेक ठरलेले असतात: शीर्षक मध्यभागी कसे आणायचे, उपशीर्षक ठळक कसे करायचे, दोन परिच्छेदांत जागा कशी सोडायची, तक्ता नेमका इथेच कसा बसवायचा. हे सगळे प्रश्न रूपाचे आहेत, आणि नवशिक्याची बहुतेक ओढाताण तिथूनच सुरू होते असे मला वाटते. लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत लेखकाने सांगायची असते ती रचना: हे निबंधाचे शीर्षक, हे प्रकरण, ही आकृती, हा संदर्भ. रूप त्या रचनेतून निघते. हा क्रम मनात पक्का झाला तर मोजक्या आज्ञांवर अख्खा निबंध उभा राहतो; तो उलटा झाला तर शेकडो आज्ञा पाठ असूनही प्रत्येक पानाशी झगडावे लागते.

हा क्रम असाच का, हे समजण्यासाठी लाटेक आणि त्याचा पाया असलेली टेक ही प्रणाली कशातून जन्मली ते पाहायला हवे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १९६८ साली निघाला. तो मोनोटाइप यंत्रावर, ओतीव शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेला होता. १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्यांच्या हाती आली, तेव्हा छपाईचे तंत्र बदलले होते. खिळ्यांची जागा छायाजुळणीने घेतली होती आणि गणिताने भरलेली ती पाने पूर्वीच्या पानांपुढे अगदीच सुमार दिसत होती. क्नूथ यांनी अक्षरजुळणी करणारी प्रणाली स्वतःच लिहायचे ठरवले. थोडक्यात आटोपेल असे वाटलेल्या या कामात जवळपास एक दशक गेले. टेक या प्रणालीचे पहिले रूप १९७८ साली आले, १९८२ साली ती नव्याने लिहिली गेली, आणि अक्षरांचे आकार घडवण्यासाठी मेटाफॉन्ट ही जोडप्रणालीही तयार झाली. पुढे क्नूथ यांनी टेकमध्ये नव्या सोयी घालणे थांबवले. आता फक्त चुका दुरुस्त होतात. प्रत्येक दुरुस्तीनंतर आवृत्तीचा क्रमांक पायच्या किमतीकडे एक अंक पुढे सरकतो. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्या ग्रंथांतली चूक दाखवून देणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश देण्याची प्रथाही त्यांनीच घातली. हा गाभा इतका स्थिर ठेवण्यामागे एक आग्रह आहे: आज जुळवलेला मजकूर कित्येक वर्षांनंतरही तसाच जुळावा.

क्नूथ यांनी या प्रणालीत मुरलेल्या जुळाऱ्यांचे कसब नियमांच्या रूपात उतरवले. ओळ कुठे तोडायची, हा त्यातला सर्वांत बोलका नमुना आहे. साधा वर्ड प्रोसेसर ओळीत मावतील तितके शब्द घेतो, ओळ भरली की पुढच्या ओळीवर जातो आणि मागे वळून पाहत नाही. टेक आधी अख्खा परिच्छेद समोर घेते. शब्दांमधली जागा किती ताणता येईल आणि किती आवळता येईल याच्या मर्यादा तिला ठाऊक असतात. ओळ फार सैल पडली, फार दाटली, शब्द तोडावा लागला किंवा लागोपाठ दोन ओळींच्या शेवटी शब्द तुटले, तर त्या त्या दोषाला ती दंडाचे गुण देते आणि संपूर्ण परिच्छेदाचा एकूण दंड सर्वांत कमी होईल अशी फोड निवडते. क्नूथ आणि मायकेल प्लास यांनी ही रीत १९८१ साली एका निबंधात मांडली. इंग्रजी शब्द कुठे तोडावेत याचे नमुने शोधण्याची पद्धत फ्रँक लियांग यांनी १९८३ सालच्या पीएच. डी. प्रबंधात विकसित केली. परिणाम असा की परिच्छेदाच्या शेवटच्या वाक्यात एक शब्द वाढवला, तर पहिल्या ओळीची फोडसुद्धा बदलू शकते. मोजमाप तर इतके बारीक की टेकचे सर्वांत लहान एकक दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या सुमारे शंभराव्या भागाएवढे आहे. हे कळले की नवशिक्याच्या एका सवयीतला दोष आपोआप उघड होतो. जो लेखक स्वतः ओळ तोडतो, तो त्या क्षणी डोळ्यांना दिसणाऱ्या एका ओळीपुरता विचार करून, सगळा परिच्छेद तोलणाऱ्या यंत्रणेचा निर्णय फिरवत असतो. उद्या त्याच परिच्छेदात दोन शब्द घातले की त्याची ती तोड भलत्याच जागी उघडी पडते.

टेकच्या मूळ आज्ञा मात्र जागा, पेट्या आणि अंतरे यांच्या भाषेत बोलतात. संशोधकाला त्या भाषेत निबंध लिहायला लावणे म्हणजे त्याला जुळारी बनवणे. ही अडचण लेस्ली लॅम्पोर्ट यांनी सोडवली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एसआरआय इंटरनॅशनल या संशोधन संस्थेत असताना त्यांनी टेकवर आज्ञांचा एक थर चढवला, तोच लाटेक. ब्रायन रीड यांच्या स्क्राइब या आधीच्या प्रणालीतला विचार त्यांनी पुढे नेला: लेखकाने मजकुराची तार्किक रचना सांगावी, दृश्य मांडणी साच्यावर सोडावी. म्हणून लाटेकची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. पहिल्या ओळीत दस्तऐवजाचा वर्ग येतो, उदाहरणार्थ ‘आर्टिकल’. मग लागणारी पॅकेजेस, म्हणजे जादा आज्ञांचे संच. आणि त्यानंतर दस्तऐवज सुरू झाला व संपला असे सांगणाऱ्या दोन आज्ञांच्या मध्ये मूळ लेखन. त्या लेखनात प्रकरणाला ‘सेक्शन’ म्हणायचे. ते किती ठळक, किती मोठे, वर किती मोकळी जागा, क्रमांकापुढे टिंब की नाही, हे वर्ग ठरवतो. वर्ग बदलला की तोच मजकूर दुसऱ्या वेषात उभा राहतो. एलसेव्हियर, आयईईई, अमेरिकन फिजिकल सोसायटी यांसारख्या प्रकाशकांचे स्वतःचे वर्ग याच तत्त्वावर चालतात. लेखकांची नावे आणि संस्था लिहिण्याची पद्धत वर्गागणिक बदलते, त्यामुळे पहिल्या पानावर थोडी दुरुस्ती करावीच लागते. पण प्रकरणे, समीकरणे आणि संदर्भ यांना फारसा धक्का लागत नाही.

या शिस्तीचे मोल निबंध परीक्षकांकडून परत येतो तेव्हा कळते. समजा, निबंधात सात तक्ते आहेत आणि परीक्षक म्हणतात की दुसऱ्या तक्त्यानंतर वयोगटांचा एक तक्ता हवा. क्रमांक हाताने घातले असतील तर तिसऱ्यापासून सातव्यापर्यंतचे सगळे तक्ते बदलायचे, आणि मजकुरात ‘तक्ता ५ मध्ये दिसते त्याप्रमाणे’ असे जिथे जिथे लिहिले आहे ती प्रत्येक जागा हुडकायची. एक जागा सुटली की वाचक चुकीच्या तक्त्यात पुरावा शोधत बसतो. लाटेकमध्ये प्रत्येक तक्त्याला ‘लेबल’ या आज्ञेने एक खूण दिलेली असते आणि मजकुरात ‘रेफ’ या आज्ञेने त्या खुणेचा उल्लेख केलेला असतो. क्रमांक प्रणाली घालते. पहिल्या फेरीत ती कोणत्या खुणेला कोणता क्रमांक मिळाला याची नोंद एका सोबतच्या फाइलमध्ये करते आणि दुसऱ्या फेरीत ते क्रमांक जागोजाग भरते. म्हणूनच नवशिक्याला पहिल्यांदा क्रमांकाच्या जागी दोन प्रश्नचिन्हे दिसतात. ती पाहून बिचकायचे कारण नाही. पुन्हा एकदा चालवले की ती जातात, आणि तरीही राहिली तर खुणेचे नाव लिहिण्यात चूक आहे असे समजावे. संदर्भांचेही तसेच. ओरेन पटाश्निक यांनी १९८५ साली तयार केलेल्या बिबटेकमुळे लेखक, वर्ष, शीर्षक, नियतकालिक, पाने ही माहिती एका वेगळ्या फाइलमध्ये एकदाच नोंदवता येते. मजकुरात फक्त उल्लेख करायचा. सूचीत काय येणार, कोणत्या क्रमाने येणार आणि स्वल्पविराम कुठे पडणार हे शैलीची फाइल ठरवते.

हे सगळे मान्य करूनही नवशिक्या काही ठिकाणी हटकून अडतो. पहिली तक्रार समासांची. ‘आर्टिकल’ वर्गात दहा पॉइंटच्या अक्षराला ओळीची लांबी ३४५ पॉइंट, म्हणजे साधारण १२ सेंटिमीटर असते. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद असल्याने दोन्ही बाजूंना भरपूर कोरी जागा दिसते. ती वाया गेली असे वाटून विद्यार्थी समास कापायला निघतो. पण ती जागा हिशेबाने सोडलेली आहे. ओळीत साठ-सत्तर अक्षरे असली की डोळा एका ओळीच्या शेवटाकडून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला न चुकता येतो. ओळ फार लांबली की वाचक तीच ओळ पुन्हा वाचतो किंवा एक ओळ गाळतो. विद्यापीठाचा नियम वेगळा असेल तर ‘जिऑमेट्री’ या पॅकेजने समास जरूर बदलावेत, पण तो बदल फाइलच्या वरच्या भागात एकदाच करावा. दुसरी तक्रार आकृत्यांची: घातली या पानावर, उमटली पुढच्या पानावर. पानाच्या तळाशी जागा उरली नसेल तर प्रणाली आकृती पुढे सरकवते आणि मजकुराने पान भरते, नाहीतर अर्धे पान कोरे राहिले असते. इथे त्रास होतो तो ‘खालील आकृतीत’ किंवा ‘वरील तक्त्यात’ असे लिहिण्याच्या सवयीमुळे. ‘आकृती ४ पाहा’ असे लिहिले की आकृती कुठेही गेली तरी वाक्य खरे राहते. छापील वैज्ञानिक नियतकालिकांची रीतही हीच आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो भीतीचा. एक कंस राहिला तर पान उमटत नाही आणि पडद्यावर न समजणाऱ्या इंग्रजी सूचनांची रांग लागते. अशा साधनाला नवशिक्यासाठी चांगले कसे म्हणायचे? आक्षेप खरा आहे, पण त्यातला मोठा भाग दोन-तीन गोष्टी माहीत करून घेतल्या की उरत नाही. काही चिन्हांना लाटेकमध्ये खास अर्थ आहे. अधोरेषा ही गणितातल्या खालच्या अंकासाठी राखलेली आहे, म्हणून साध्या वाक्यात अधोरेषा असलेले फाइलचे नाव लिहिले की ‘मिसिंग डॉलर इन्सर्टेड’ अशी सूचना येते: प्रणालीला वाटते की इथे गणित सुरू झाले आणि त्याची डॉलरची खूण राहिली. याहून घातक चूक कोणतीही सूचना न देता होते. टक्केचिन्हानंतरचे त्या ओळीवरचे सगळे लाटेक टिपण म्हणून वगळते. ‘४५% मुलींनी शाळा सोडली’ असे लिहिले तर छापील पानावर फक्त ‘४५’ उरते. सामाजिक शास्त्रांच्या निबंधात अशी चूक थेट पुराव्यावर येते, म्हणून टक्केचिन्हाआधी उलटी तिरकी रेघ द्यायची हे पहिल्याच दिवशी शिकून घ्यावे. सूचनांच्या रांगेत फक्त सर्वांत वरची वाचावी, ती चूक दुरुस्त करून पुन्हा चालवावे. खालच्या बऱ्याचशा सूचना त्याच चुकीतून निघालेल्या असतात. दर परिच्छेदानंतर चालवून पाहिले तर चूक कुठे आहे हे शोधायला लागतच नाही. आणि ‘ओव्हरफुल एचबॉक्स’ ही चूक नसून इशारा आहे. त्यात अर्ध्या पॉइंटहून कमी आकडा असेल, तर ओळ पाव मिलिमीटरही बाहेर आलेली नाही. तिकडे दुर्लक्ष करावे.

दुसरा आक्षेप प्रयोगावर आधारलेला आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. २०१४ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात जर्मनीतील दोन संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्ड आणि लाटेक वापरणाऱ्या, त्यात नवखे आणि सराईत अशा दोन्ही प्रकारच्या ४० जणांना तीन प्रकारचे मजकूर अर्ध्या-अर्ध्या तासात जसेच्या तसे उतरवायला दिले होते. साध्या मजकुरात आणि तक्त्यांत वर्ड वापरणारे पुढे राहिले, त्यांच्या चुकाही कमी झाल्या. समीकरणांच्या मजकुरात लाटेकवाले पुढे गेले. लाटेकवाल्यांनी कामात आनंद वाटल्याचे अधिक वेळा सांगितले. गणिताचे प्रमाण तसे असेल तरच नियतकालिकांनी लाटेकमधला निबंध स्वीकारावा, असे या संशोधकांनी सुचवले. या निष्कर्षातला एक भाग मी मान्य करतो: एकदाच लिहायचा, छोटा, सूत्रे नसलेला मजकूर असेल तर वर्ड जलद आहे. पण प्रयोगाने काय मोजले तेही पाहिले पाहिजे. समोर दिसणारे पान अर्ध्या तासात हुबेहूब उतरवणे म्हणजे रूपाची नक्कल करणे, आणि लाटेक नेमके त्याच कामासाठी बनवलेले नाही. खरा निबंध कित्येक महिने चालतो. त्यात प्रकरणे वर-खाली होतात, तक्ते वाढतात, संदर्भ शंभरी ओलांडतात, एका नियतकालिकाने नाकारल्यावर तो दुसऱ्याच्या साच्यात जातो. या फेरफारांचा खर्च अर्ध्या तासाच्या मोजणीत येत नाही, आणि रचना आधी सांगून ठेवल्याचा लाभ तर तिथेच मिळतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: रचनाच सांगायची तर वर्डमध्येही ‘स्टाइल्स’ आहेत, आपोआप क्रमांक आहेत, संदर्भ सांभाळणाऱ्या जोडण्या आहेत, मग लाटेकचाच हट्ट कशाला? हट्ट धरायला नकोच. मार्गदर्शक वर्डमध्येच सुधारणा करत असतील, सहलेखकांना दुसरे काही येत नसेल, नियतकालिक वर्डचीच फाइल मागत असेल, तर वर्डच वापरावे. मात्र तिथेही उपशीर्षकाला हाताने ठळक करण्याऐवजी ‘हेडिंग’ शैली लावावी, दोन परिच्छेदांतली जागा एंटर दाबून न सोडता शैलीतून ठरवावी, आकृतीचा क्रमांक टाइप न करता मथळ्याच्या सोयीतून घ्यावा. फरक इतकाच की वर्डमध्ये पडद्यावरचे रूप सतत समोर असल्याने चुकीची वाट सर्वांत सोपी असते आणि योग्य वाट मुद्दाम निवडावी लागते. लाटेकमध्ये योग्य वाट सोपी असते आणि चुकीच्या वाटेला कष्ट पडतात. गणित, भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्र यांत तर निवडीला फारसा वावच नाही. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ साली लॉस अलामॉस येथे सुरू केलेल्या आणि पुढे कॉर्नेल विद्यापीठाकडे गेलेल्या अर्काइव्ह या निबंधसंग्रहाचा व्यवहार पहिल्यापासून टेकच्या मूळ फाइलींवर उभा आहे.

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक शंका येते: हे सगळे इंग्रजीपुरतेच असणार. एके काळी ती रास्त होती. १९९१ साली फ्रान्स फेल्थाउस यांनी नेदरलँड्समध्ये टेकसाठी देवनागरी टंक आणि एक पूर्वप्रक्रिया तयार केली, पण तिथे मराठी मजकूर रोमन लिप्यंतरात लिहावा लागे. २००४ साली जोनाथन क्यू यांच्या झीटेक या टेकवर आधारलेल्या प्रणालीने युनिकोड आणि आधुनिक टंक थेट वापरण्याची सोय केली. आता मराठी मजकूर देवनागरीत लिहायचा, टंकाचे नाव सांगायचे आणि भाषा मराठी आहे हे सांगायचे. टंकात सोय असेल तर मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आपोआप येतात. आयआयटी मुंबईच्या प्रकल्पातून विद्वत्तापूर्ण प्रकाशनांसाठी घडलेला शोभिका हा टंक मुक्तपणे उपलब्ध आहे. याउलट युनिकोडच्या आधीच्या काळात जुन्या टंकांत जुळवलेले असंख्य मराठी लेख आणि प्रबंध आज दुसऱ्या संगणकावर उघडले की अगम्य चिन्हांची रास दिसते. कारण त्या फाइलींत मराठी अक्षरे कधी साठवलीच नव्हती. साठवले होते ते रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत, आणि टंक त्यांच्यावर देवनागरी आकार चढवत होता. रूप जपले, अर्थ नोंदवला नाही, आणि टंक हरवताच मजकूरही हरवला. रचना आणि रूप यांची गल्लत किती महाग पडते, याचा याहून स्पष्ट पुरावा मराठी वाचकाला लागणार नाही.

म्हणून शिकण्याचा क्रम असा ठेवावा. पहिला मसुदा ‘आर्टिकल’ वर्गात, शक्यतो एकही पॅकेज न घालता लिहावा: शीर्षक, गोषवारा, चार-पाच प्रकरणे, एक समीकरण, एक तक्ता आणि खुणा लावलेले उल्लेख. मग एकेका गरजेपुरते एकेक पॅकेज घ्यावे, आकृत्यांसाठी ‘ग्राफिक्सएक्स’, समीकरणांसाठी ‘एएमएसमॅथ’. संदर्भ पहिल्यापासून वेगळ्या फाइलमध्ये नोंदवावेत. जे वारंवार येते त्याला स्वतःची आज्ञा द्यावी. वनस्पतिशास्त्राच्या निबंधात प्रत्येक शास्त्रीय नाव हाताने तिरपे करण्याऐवजी ‘शास्त्रीय नाव’ अशा अर्थाची आज्ञा करून ती वापरावी, म्हणजे उद्या नियम बदलला तर एकच ओळ बदलेल. नियतकालिकाचा वर्ग सर्वांत शेवटी लावावा आणि रूपाची डागडुजी त्याच्याही नंतर. या शिस्तीतून सुबक पान मिळते, पण त्याआधी आणखी एक गोष्ट घडते. प्रत्येक भागाला तो काय आहे हे सांगावे लागले की नाव देता न येणारे भाग लेखकाच्या नजरेत भरतात: ज्याचा उल्लेख मजकुरात कुठेच नाही असा तक्ता, पद्धतीच्या प्रकरणात शिरलेला निष्कर्ष, ज्याखाली एकच परिच्छेद आहे असे उपप्रकरण. ठळक अक्षरे आणि मोकळ्या जागा हे दोष झाकू शकतात. रचनेची नोंद ते उघडे पाडते, आणि निबंध परीक्षकाच्या हाती जाण्याआधी ते लेखकाला दिसणे यातच त्या निबंधाचे हित आहे.